दांडी बसवण्याआधी घर ऑक्युपेशनल थेरपिस्टला (ओटीला) दाखवा

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा घाईत असतं. वडिलांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, परवा डिस्चार्ज, आणि हातात शेजाऱ्यांनी सांगितलेली यादी: कमोडची खुर्ची, बाथरूमला धरायच्या दांड्या, वॉकर. हे सगळं आम्ही विकतो, बसवूनही देतो. तरी आधी विचारतो, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवलंत का?

मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्याने घोटाळा वाढतोच. इथे व्यवसाय म्हणजे नुसता नोकरीधंदा नव्हे; दात घासणं, जेवणं, देवपूजा, माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. (दवाखान्यात ऑपरेशन थिएटरसारखंच ऑक्युपेशनल थेरपिस्टनाही 'ओटी'च म्हणतात. ऑपरेशन आहे असं समजून घाबरू नका.) फिजिओथेरपिस्ट मुख्यतः ताकद, तोल, चालणं बघतात. ओटी बघतात की आहे त्या हातापायांनी रोजची कामं कशी जमवायची. पुष्कळांना दोघंही लागतात.

शर्टाचंच घ्या. घालताना लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर. काढताना बरोबर उलट. पायजम्याची नाडी जाऊन इलॅस्टिक येतं. ताटाखाली ओलं फडकं घातलं की एका हाताने जेवताना ताट सरकत नाही. यातलं काहीही आमच्या दुकानात मिळत नाही, हेही सांगून टाकतो.

दांडी मात्र आमच्याकडची. एका घरी यादीप्रमाणे कमोडच्या डाव्या भिंतीला ठोकून दिली. काकांचा डावाच हात गेलेला! पुन्हा भोकं, पुन्हा टाइल्स, खर्च आमचा. दांडी कुठल्या बाजूला, किती उंचीवर, हे माणूस उठतो कसा ते बघून ठरतं. दारातल्या उताराचंही तसंच. ६ इंचांच्या पायरीला साधारण ६ फूट लांबीचा उतार लागतो. जागा नसेल तर वेगळा विचार करावा लागतो.

शोधायचं कुठे? आधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मुंबईत केईएम, शीव आणि नायर रुग्णालयांत, हाजीअलीच्या केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत आणि नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात हा विभाग आहे. देशात हे शिक्षण सुरू झालं तेच १९५० मध्ये केईएमला, कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. खासगीत जाणार असाल तर पदवी बीओटीएच किंवा एमओटीएच आहे ना, ते बघा आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. संकोच नको. लहान मुलांचं काम करणारे आणि झटक्यानंतरचं काम करणारे बहुधा वेगळे असतात, तेही फोनवरच विचारून घ्या.

जाताना डिस्चार्ज कार्ड, बाथरूमचे दोन-तीन फोटो, दारांची रुंदी आणि पलंगाची उंची लिहून न्या. घरी येणारे मिळाले तर उत्तमच.

त्यांची चिठ्ठी घेऊन मग आमच्याकडे या. यादी निम्मी झाली असली तरी माप घ्यायला आमचा माणूस येईल.