दिवाणी व कौटुंबिक वकिली

मालमत्ता, वारसा, करार, विवाह, पोटगी आणि मुलांचा ताबा अशा खाजगी हक्कांच्या तंट्यांत पक्षकाराला सल्ला देण्याचा, दस्त तयार करण्याचा आणि न्यायालयात त्याची बाजू मांडण्याचा व्यवसाय. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी या दोन्ही शाखा बहुधा एकाच वकिलाकडे असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. भावाबहिणींमधला वाटपाचा दावा कागदावर दिवाणी असला, तरी त्याचे मूळ घरातच असते.

हा व्यवसाय अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली चालतो आणि येथील वकिलांना सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडून मिळते. पक्षकाराने वकीलपत्रावर सही केल्यानंतर दावा किंवा कैफियत (दाव्याला लेखी उत्तर), मनाईचा अर्ज, सरतपास (आपल्याच साक्षीदाराची तपासणी), उलटतपास आणि युक्तिवाद या क्रमाने काम पुढे सरकते. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निर्णय, हाती आला की जिंकलो असे पक्षकार समजतो, पण पुष्कळदा खरी लढाई त्यानंतरच्या दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात असते. वाटपाच्या दाव्यात न्यायालय आधी फक्त हिस्से ठरवते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष सरसनिरस (जमिनीची प्रत पाहून केलेले) वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि तिथे प्रकरण रेंगाळले की दोष मात्र वकिलाच्या माथी येतो.

कौटुंबिक न्यायालयात वकिलाचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार तेथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते. त्याच कायद्याच्या कलम ९ ने आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायालयावर टाकले असल्यामुळे पक्षकाराला समुपदेशकांसमोर बसावे लागते, आणि तिथे आपले म्हणणे त्याला स्वतःच्याच शब्दांत सांगावे लागते. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोन अर्जांमध्ये सहा महिन्यांचे अंतर सांगितलेले आहे, परंतु योग्य प्रकरणात न्यायालय ते माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात ठरवले.

याच क्षेत्रातला ‘नांदायला येण्याचा दावा’ मराठी समाजाला जुना ओळखीचा आहे. दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये आपल्या पत्नी रखमाबाईंविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात असा दावा आणला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय त्यांच्यापुढे आला. पुढील वर्षी तडजोड झाली. हा दावा हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्ये आजही शिल्लक आहे, मात्र आता तो बहुतेकदा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून टाकला जातो.

लोकांच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे देणे हे या वकिलांचे दुसरे, बिनफीचे काम. वृत्तपत्रांतली सदरे आणि विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरे ही त्याची नेहमीची ठिकाणे. वकिलाला जाहिरात करून काम मिळवण्याची मनाई असल्याने उत्तर माहितीपुरतेच ठेवावे लागते. याहून मोठी अडचण प्रश्नातच असते. ‘बहिणीने तलाठ्याकडे लिहून दिले आहे, आता तिचा हिस्सा उरला का?’ एवढ्या एका ओळीवर उत्तर देता येत नाही. जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली, लिहून दिले म्हणजे नोंदणीकृत हक्कसोडपत्र की साध्या कागदावरचा जबाब, हे आधी पाहावे लागते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरावरील हक्क सोडण्याचा दस्त नोंदवावा लागतो, आणि सातबारावरून नाव कमी झाले एवढ्याने मालकी जात नाही. महसुली नोंद सारावसुलीसाठी असते. फेरफार, म्हणजे सातबारावरील नाव बदलल्याची नोंद, न पाहता ठाम उत्तर देणारा वकील प्रश्नकर्त्याला खूश करतो, पण त्याचे नुकसान करण्याचा धोकाही पत्करतो. शिवाय वकिलाला खाजगीत सांगितलेल्या गोष्टींना कायद्याने गोपनीयतेचे जे संरक्षण आहे, ते चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला लाभत नाही. तोच मजकूर उद्या उलटतपासात समोर येऊ शकतो. ज्याला मोफत वकील हवा, त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ आहे. त्याखाली स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लागता ही मदत मिळते. १५१०० ही त्यासाठीची मदतवाहिनी आहे.

गोव्यात मात्र यातली बरीच उत्तरे लागू पडत नाहीत. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि वारसांमधली वाटणी ‘इन्व्हेंटरी’ नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेने होते. त्यामुळे सावंतवाडीचा वकील सीमेपलीकडच्या, गोव्यातल्या पेडण्याच्या पक्षकाराला आधी लग्नाची नोंद कुठे झाली, हे विचारतो.