ग्रॉसग्लॉकनरचा घाट: दर वसंतात बर्फातून काढावा लागणारा रस्ता

ऑस्ट्रियात साल्झबुर्ग आणि कॅरिंथिया प्रांतांना जोडणारा ग्रॉसग्लॉकनर घाट सुमारे ४८ किलोमीटरचा आहे. होखटोर खिंडीत तो २५०४ मीटरवर पोचतो. वाट मात्र फार जुनी. १९३३ साली होखटोरचा बोगदा खोदताना रोमनकाळातली हर्क्युलिसची छोटी ब्राँझमूर्ती सापडली. पुढच्या शतकांत इथून मीठ आणि इतर माल लादलेली खेचरं जात.

मोटाररस्त्याचा आराखडा अभियंता फ्रान्झ वालाक यांनी १९२४ मध्ये मांडला. तेव्हा मोटारीच इतक्या कमी होत्या की कल्पना अनेकांना वेडगळ वाटली. पुढे जागतिक मंदी आली आणि हातांना काम हवं होतं. साल्झबुर्गचे प्रांतप्रमुख फ्रान्झ रेरल यांनी प्रकल्प उचलून धरला आणि ३० ऑगस्ट १९३० रोजी पहिला सुरुंग उडाला. तीन हजारांवर मजूर, ३६ मोठी वळणं, चढ कमाल १२ टक्के. ३ ऑगस्ट १९३५ रोजी रस्ता खुला झाला, तोही टोलचा. खर्च वाहनांनीच भरून काढायचा होता. उत्तरेकडे फेर्लाइटेन आणि दक्षिणेकडे हायलिगेनब्लुट इथे आजही नाकी आहेत.

टोलचा पैसा कुठे मुरतो ते एप्रिलमध्ये दिसतं. १९३६ साली ३५० माणसांनी ७० दिवस फावड्यांनी अडीच लाख घनमीटर बर्फ उपसला, तेव्हा कुठे एक लेन मोकळी झाली. वालाक यांनी मग स्वतःच रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा, बर्फ उपसणारा रोटरी नांगर आखला. १९५३ पासून हीच यंत्रं घाट उघडतात, आणि रस्ता बांधण्याइतकंच हे काम मोलाचं आहे. पुढचे फिरते दात बर्फ कुरतडतात आणि नळीतून दरीच्या बाजूला फेकतात. बर्फ जाड असेल तिथे वरून थराथराने उतरावं लागतं. एकदम खालून पोखरलं तर भिंतच यंत्रावर कोसळते.

बर्फ निघाला की डांबराची तपासणी. दिवसा वितळलेलं पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठून सुमारे ९ टक्के फुगतं आणि डांबर उचकटतं. म्हणून खड्डे बुजवण्याआधी गटारं आणि मोऱ्या मोकळ्या कराव्या लागतात. तुंबलेल्या मोरीवर घातलेला थर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उखडतो. कड्यावरचे सुटे दगडही आधीच पाडून घेतात.

सर्वसाधारणपणे मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच घाट चालू असतो, तोही फक्त दिवसा. उतरताना खालच्या गिअरवरच राहावं. सतत ब्रेक दाबत आलं की ते तापतात आणि नेमकी शेवटच्या वळणांत पकड जाते.