चिलेंतोला निघण्यापूर्वी : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

इटलीची सहल म्हटली की रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि वेळ उरला तर अमाल्फीचा किनारा, असा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी मिळतो. आम्ही दक्षिण इटलीतल्या सालेर्नोच्या आखाताची पलीकडची बाजू निवडली आहे. अमाल्फी उत्तरेला, चिलेंतो दक्षिणेला. आग्रोपोलीपासून साप्रीपर्यंत सुमारे 100 किलोमीटरचा हा किनारा. मध्ये छोटी बंदरं, मागे ऑलिव्हचे डोंगर, आणि समुद्रकाठी उंच इमारतींची रांग नाही. पोहायला, निवांत बसायला आणि मनापासून जेवायला ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी ही सहल आहे. रोज नवं शहर आणि रोज नवं हॉटेल हवं असेल तर आधी आमच्याशी बोला, आम्ही दुसरी सहल सुचवू.

हा किनारा असा कसा राहिला?

शतकानुशतकं इथली माणसं समुद्रापासून लांब राहिली. खाली दलदल आणि हिवताप, शिवाय चाच्यांचे हल्ले, म्हणून गावं डोंगरावर वसली. आजही जोड्या दिसतात : कास्तेल्लाबाते वर, सांता मारिया खाली, पिशोत्ता वर, मरीना दी पिशोत्ता खाली. मूळ गाव वरचं, खालचं त्याचं बंदर.

पुढे पर्यटनाचं पीक आलं तेव्हा कायद्यानेही हात दिला. 1991 साली चिलेंतो राष्ट्रीय उद्यान झालं, 1998 साली पेस्टुम आणि वेलिया या प्राचीन ग्रीक नगरांसह हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, आणि 2009 साली इथल्या समुद्राचे दोन पट्टे सागरी संरक्षित क्षेत्र झाले. कायदा कागदावर राहू नये म्हणून माणसंही झटली. पोल्लिकाचे महापौर आंजेलो वास्सालो मूळचे मच्छीमार. समुद्र स्वच्छ राहावा म्हणून त्यांनी गावाला शिस्त लावली. 5 सप्टेंबर 2010 रोजी गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. आपण मुक्काम करतो ते आच्चारोली बंदर त्यांच्याच पोल्लिकात येतं. तिथल्या स्वच्छ पाण्यात उतरताना त्यांची आठवण ठेवावी असं आम्हाला वाटतं.

समुद्राविषयी

कोकणात वाढलेल्यांना पहिला फरक जाणवतो तो भरती-ओहोटीचा. भूमध्य समुद्रात ती जवळपास नसतेच. सकाळी जिथे पंचा टाकाल तिथे तो संध्याकाळीही कोरडाच असतो. पाणी अरबी समुद्रापेक्षा खारट आणि थंड. जूनमध्ये पहिली डुबकी घेताना अंगावर काटा येतो, सप्टेंबरात पाणी उन्हाळाभर तापून छान झालेलं असतं. म्हणूनच आम्ही मेअखेर ते जून आणि सप्टेंबर एवढ्याच तारखा ठेवतो. ऑगस्टमध्ये नेत नाही. 15 ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोचा सण असतो आणि त्या सुमारास अख्खा देश समुद्रावर येतो.

पेस्टुम आणि आशेआला लांबच लांब वाळू आहे, मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी उत्तम. पालिनूरोला कडे आणि गुहा आहेत. निळ्या गुहेत होडीने जायचं. समुद्र खवळला असेल तर होडी निघत नाही, आणि नावाडी नाही म्हणाला की आम्हीही नाहीच म्हणतो. मरीना दी कामेरोताच्या पुढे इन्फ्रेस्कीचा उपसागर आहे, तिथे फक्त पायवाटेने किंवा होडीने पोहोचता येतं. तिथे गोड्या पाण्याचे झरे थेट समुद्रात फुटतात, त्यामुळे पोहता पोहता अचानक एखादा थंडगार पट्टा लागतो. घाबरू नका.

काही किनाऱ्यांवर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग दिसतील. पाहुणे विचारतात, इथे साफसफाई होत नाही का? ती पोसिडोनिया या समुद्रगवताची गळून पडलेली पानं आहेत. हे गवत स्वच्छ पाण्यातच वाढतं आणि त्याचे ढीग वाळू वाहून जाण्यापासून किनारा राखतात. ते असू द्यावेत. वाळू, गोटे, शंखही आठवण म्हणून उचलू नयेत.

छत्री-खुर्च्यांचे किनारे खासगी असतात, त्यांचं भाडं पडतं. त्यांच्या मधे सार्वजनिक किनारा असतो, तिथे आपला पंचा अंथरावा. गोट्यांच्या किनाऱ्यासाठी रबरी तळाचे पाण्यातले बूट आणा, चपलेने चालत नाही.

जेवण

ही सहल आम्ही खरं तर जेवणासाठीच आखली. अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी आहार आणि हृदयविकार यांचा संबंध शोधताना याच किनाऱ्यावरच्या पिओप्पी गावात घर केलं आणि अनेक वर्षं तिथे राहिले. भूमध्य आहार जगभर पोचला त्यात त्यांचा मोठा वाटा. 2010 साली युनेस्कोने या आहाराला अमूर्त वारशाचा दर्जा दिला तेव्हा इटलीकडून चिलेंतोचंच नाव होतं. हा आहार म्हणजे गरिबाघरचं जेवण : कडधान्य, भाज्या, ऑलिव्ह तेल, थोडे मासे आणि शिळ्या भाकरीसारखा कडक पाव. तो पाव पाण्यात भिजवून वर टोमॅटो, मीठ, तेल घातलं की झाली आक्वासाले. लागाने ए चेची म्हणजे पाणी-पिठाच्या रुंद पट्ट्या आणि काबुली चणे. आमच्या बहुतेक मंडळींना पहिल्याच दिवशी आवडणारा पदार्थ हाच.

पेस्टुमजवळ म्हशींचे गोठे आहेत. गाई सोडून म्हशीच्या दुधाचा एवढा लाड करणारा हा युरोपातला विरळा भाग, त्यामुळे आपल्याला लगेच आपलेपणा वाटतो. सकाळी लवकर गेलं तर मोझ्झारेल्ला, म्हणजे त्या दुधाचं ताजं, मऊ चीज, होताना पाहता येतो. दही पडलेल्या दुधाचे तुकडे निवळीत आंबू देतात, मग जवळपास उकळत्या पाण्यात टाकून लाकडी दांड्याने ओढत राहतात, तो गोळा चकचकीत आणि लवचीक होईपर्यंत. मग एक जण तो धरतो आणि दुसरा अंगठा व तर्जनीने चिमटून तुकडे तोडतो. हात लालबुंद झालेले असतात. मोझ्झारेल्ला त्याच दिवशी खायचा. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव जाते. कापल्यावर दुधाळ पाणी सुटलं पाहिजे.

शाकाहारी मंडळींना एक गोष्ट आधीच सांगणं आमचं काम आहे. पारंपरिक मोझ्झारेल्लाचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात, आणि इथली बहुतेक चीज अशीच होतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी अर्जात लिहावं, आम्ही चीजशिवाय ताट ठरवून घेतो. वांग्याचे भरलेले पदार्थ दिसायला आपल्या भरल्या वांग्यांसारखे असतात, पण सारणात अंडं आणि चीज हमखास असतं. हॉटेलात सांगायचं वाक्य पाठ करा : सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा. म्हणजे मांस नको, मासे नको, अंडी नको. हे तिन्ही शब्द वेगवेगळे सांगावेत. नुसतं मांस नको म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. मरीना दी पिशोत्ताचे काही मच्छीमार आजही वसंतापासून जुलैपर्यंत, समुद्र शांत असलेल्या रात्री, मेनाईका नावाच्या जुन्या जाळ्याने अ‍ॅन्कोव्ही पकडतात. हा मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. जाळ्याच्या भोकांत मोठे मासे अडकतात, लहान निसटून जातात. होडीतच डोकी काढतात, किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात धुतात, मग मातीच्या बरणीत एक थर मासे, एक थर मीठ असं भरून निदान तीन महिने मुरवतात. गुलाबीसर मांस, वास मंद. ताजे मिळाले तर तळून मागवा.

सप्टेंबरच्या गटाला पांढरी अंजिरं मिळतील, ताजी आणि उन्हात वाळवलेली, बदाम-अक्रोड भरलेली. पुरंदरच्या अंजिरांवर वाढलेल्यांनी आवर्जून चाखावीत आणि घरीही आणावीत. ती प्रवासात टिकतात.

जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात. दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद, दुकानंही बंद. मधुमेह असलेल्यांनी खाऊ जवळ ठेवावा. बिलात माणशी कोपेर्तो, म्हणजे टेबलाचा आकार, म्हणून थोडी रक्कम असते, ती चूक नव्हे.

एक दिवस दगडांचा

पेस्टुमची डोरिक या ग्रीक शैलीतली तीन मंदिरं इसवी सन पूर्व सहाव्या आणि पाचव्या शतकातली आहेत, आणि ती उभी आहेत. आम्ही संध्याकाळी जातो, ऊन उतरल्यावर. शेजारच्या संग्रहालयात 1968 साली सापडलेलं थडगं आहे, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्यात सूर मारणारा तरुण रंगवलेला आहे. थकला असाल तरी तेवढं पाहिल्याशिवाय परतू नका.

कागदपत्रं आणि प्रवास

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने वैध हवा. उन्हाळ्याआधी भेटीची वेळ मिळणं अवघड होतं, म्हणून आम्ही कागदपत्रं लवकर मागतो.

रोम किंवा नेपल्सहून वेगवान रेल्वेने सालेर्नो, तिथून स्थानिक गाडीने पेस्टुम. पुढे बस विरळ आणि रस्ते वळणांचे, म्हणून आपलं वाहन असतं. गाडी लागणाऱ्यांनी गोळ्या आणाव्यात आणि पुढची जागा आधी मागून घ्यावी. जुन्या गावांत पायऱ्या फार, लिफ्ट क्वचित. गुडघ्यांचा त्रास असेल तर संकोच न करता सांगा, आम्ही तळमजल्याची खोली शोधतो. नोंदणी अर्जासोबत आहाराचा आणि पोहता येतं की नाही याचा रकाना आहे, तो प्रत्येकाने स्वतंत्र भरावा, नवरा-बायकोने एकत्र नको.