मॉडिफाय केलेली गाडी मुंबईहून ब्रिटनला नेताना: पात्रता, उत्सर्जन चाचणी आणि कागदपत्रे

गाडीत केलेले बदल न्हावाशेवाला कंटेनर भरण्याआधीच काढून टाका. भारतातच विकल्या जाणाऱ्या मॉडेलचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा एक्झॉस्टमधला भाग) तिकडे शोधत बसण्यापेक्षा इथे मूळ सुटा भाग बसवणे कितीतरी सोपे पडते.

पात्रता आधी तपासा. तुम्ही सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिला असाल आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या ताब्यात व वापरात असेल, तर आयात शुल्क आणि व्हॅट माफ होऊ शकतो. त्यासाठी टीओआर१ हा अर्ज गाडी पाठवण्यापूर्वीच करावा. सवलत घेतल्यावर १२ महिने गाडी विकता किंवा भाड्याने देता येत नाही. गाडी १० वर्षांहून जुनी असेल तर आयव्हीए ही मान्यता चाचणी लागत नाही, पण ३ वर्षांपुढच्या गाडीला एमओटी (तिथली दरवर्षीची गाडी-तपासणी) चुकत नाही.

आता बदलांचे. पीयूसी निघते म्हणजे गाडी ठीक आहे, हा समज महागात पडतो. बीएस४ आणि बीएस६ पेट्रोल गाड्यांसाठी आपल्याकडची मर्यादा आणि एमओटीची नेहमीची मर्यादा जवळपास सारखीच आहे: वाढवलेल्या आरपीएमवर (इंजिनच्या फेऱ्यांवर) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के, लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाचे गुणोत्तर ०.९७ ते १.०३. मात्र तिथे धुराच्या आकड्यांसोबत गाडीखाली वाकूनही पाहतात. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला असेल किंवा डिझेल गाडीचा डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) पोकळ केला असेल, तर आकडे कितीही चांगले येवोत, गाडी नापास होते.

फ्री-फ्लो (धुराला कमी अडथळा करणाऱ्या) एक्झॉस्टचे सांधे गळत असतील तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि लॅम्डा १.०३ च्या वर जातो. इंजिन नीट तापले नसेल तर कन्व्हर्टर काम करत नाही आणि सीओ वाढतो. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रिमॅप केला असेल, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलले असेल, तर मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या. फक्त चेक-इंजिनचा दिवा विझवून भागत नाही.

सीएनजी किटवाल्यांनी जास्त जपावे. टाकी, रेग्युलेटर, पाइप आणि सीएनजीचा वेगळा ईसीयू काढला की काम संपले असे वाटते, पण इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) गॅसच्या नोझलसाठी पाडलेली भोके तशीच राहतात. ती पक्की बुजवली नाहीत तर तिथून हवा शिरते आणि गाडी लॅम्डावरच अडकते. किट काढल्यावर आरसीवर इंधन पुन्हा फक्त ‘पेट्रोल’ करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील बदलणारा फेरफार आरटीओत नोंदवावाच लागतो. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली यांपैकी जिथे गाडीची नोंद आहे तिथेच अर्ज करायचा. आरसीवर सीएनजी आणि डिकीत टाकी नाही, अशा गाडीचे कागद परदेशात समजावणे फार कठीण जाते.

बरोबर ठेवायचे कागद असे: मूळ आरसी, खरेदीचे बिल, विमा, चालू पीयूसी, पासपोर्ट, कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ (बोजा आरसीवरून उतरवलेला हवा) आणि कंपनीने दिलेला फॉर्म २२. हा शेवटचा कागद लोक हमखास हरवतात. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांच्या फॉर्म २२ वर प्रत्येक प्रदूषकाचे प्रमाण छापलेले असते, आणि उत्सर्जनाच्या पुराव्यासाठी तोच पहिला आधार. त्याशिवाय नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा ग्रॅम प्रति किलोमीटरमध्ये देणारे पत्र कंपनीकडून मागून घ्या. निव्वळ ‘बीएस६’ लिहिलेले चालत नाही, कारण मॉडेलला मान्यता देतानाच्या आपल्या चाचणीत वेग ताशी ९० किमीपर्यंतच नेतात, तर जुन्या युरोपीय चाचणीत तो १२० पर्यंत होता.

गाडी उतरल्यापासून १४ दिवसांत नोव्हा या ब्रिटिश कर खात्याच्या प्रणालीत कळवायचे, मग आयव्हीए किंवा एमओटी, आणि शेवटी व्ही५५/५ अर्जाने डीव्हीएलएकडे (तिथले वाहन नोंदणी खाते) नोंदणी. नंबर मिळण्याआधी गाडी फक्त आधी वेळ घेतलेल्या चाचणीपर्यंत चालवता येते, तीही विमा काढून. प्रवासात बॅटरीची तार काढली असेल तर ईसीयूने शिकलेली मूल्ये पुसली जातात, म्हणून चाचणीला जाताना थोडा लांबचा रस्ता मिळेल असे केंद्र निवडा.

लंडनमध्ये राहणार असाल तर पेट्रोल गाडी युरो ४ आणि डिझेल गाडी युरो ६ या युरोपीय उत्सर्जन मानकांत बसायला हवी. नाहीतर यूलेझमध्ये (कमी प्रदूषणाचा सक्तीचा पट्टा) गाडी चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे १२.५० पौंड भरावे लागतात, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून हा पट्टा लंडनच्या सगळ्या बरोंना (प्रशासकीय विभागांना) लागू आहे.