पाणी म्हणता येईना, पण ‘व्हय म्हाराजा’ बरोब्बर

मेंदूचा झटका (स्ट्रोक) आलेला माणूस बोलू शकत नाही पण गाणं म्हणतो, असा एक व्हिडिओ परत वॉट्सॲपवर फिरतोय, खाली लिहिलंय ‘संगीताने मेंदूचा उजवा भाग जागा होतो’. मला आमच्या कुडाळकडचे शेजारी तात्या आठवले. त्यांना झटक्यानंतर पाणी म्हणता येईना, नुसतं ‘प.. प..’ करून हात आपटायचे, पण देवळात गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, त्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात) सुरू झालं की त्यांचं ‘व्हय म्हाराजा’ एकदम ठोक्यात. शिव्याही स्वच्छ मालवणी. घरच्यांना वाटायचं म्हातारो नाटकां करता.

नाटक नाही, मेंदूला इजा होऊन बोलणं असं अडतं त्याला अफेजिया म्हणतात. पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने १८६१ साली असाच एक पेशंट तपासला, तो फक्त ‘तां’ एवढंच बोलायचा, मेल्यावर बघितलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढे इजा. म्हणजे जीभ शाबूत, समज शाबूत, बिघाड मेंदूतल्या बोलण्याच्या जागेत, तेव्हा जिभेवर वेखंड घासून नि देवाला कौल लावून काय होणार? (झटका आल्याआल्या ते करत बसलात तर रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन ज्यांत द्यावं लागतं ते साडेचार तास मात्र नक्की जातात.)

आता खरी गंमत. नवीन वाक्य जुळवायचं तर बहुतेकांचा डावा मेंदू लागतो, पण घोटून घोटून तयार झालेलं बोलणं, म्हणजे आकडे, वार, आरती, शिव्या, हे अख्खं एका घासात बाहेर येतं, त्याला उजवा मेंदू आणि मेंदूत आत खोलवर असलेले बेसल गॅन्ग्लिया नावाचे भाग मदत करतात असं मानतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये चालीवर वाक्यं म्हणवून घ्यायची थेरपी मांडली, सोबत डाव्या हाताने ठेका. सगळ्यांना वाटलं चालीचीच जादू. पण २०११ मध्ये जर्मनीत १७ पेशंट तपासले तर निव्वळ चालीचा फायदा दिसेना, काम करत होता तो ठेका, आणि शब्द आधीपासून तोंडात बसलेले असणं. बेसल गॅन्ग्लियाला इजा झालेल्यांना तर ठेका जास्तच लागत होता.

गाऱ्हाण्याला कुठे चाल असते? ठेका आहे आणि पन्नास वर्षांची सवय!

स्पीच थेरपिस्टने मग मांडीवर थाप मारत तात्यांकडून ‘पाणी दी’ घोटून घेतलं, महिनाभराने ते यायला लागलं. आता चहा हवा असला तरी तोंडातून ‘पाणी दी’च येतं, सून दोन्ही आणून ठेवते.