गळती सापडेपर्यंत प्रोसेस मारा: वेब सर्व्हरमधल्या मेमरी लीकची पार्श्वभूमी

अपाची वेब सर्व्हरची १.३ आवृत्ती बसवली की तिच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'मॅक्स-रिक्वेस्ट्स-पर-चाइल्ड' नावाच्या सेटिंगवर एक टीप दिसायची. तिचा आशय असा: प्रत्येक चाइल्ड प्रोसेस (रिक्वेस्ट हाताळायला सर्व्हरने जन्माला घातलेली प्रोसेस) ठरावीक रिक्वेस्ट हाताळून झाल्या की स्वतःहून बंद होईल, म्हणजे अपाची किंवा ती वापरत असलेल्या लायब्ररी मेमरी गळवत असतील तर त्रास व्हायला नको. बहुतेक सिस्टिमवर याची गरज नाही, पण सोलारिससारख्या काहींच्या लायब्ररींत चांगलीच गळती आहे. 'आमचं कदाचित गळत असेल, शेजारच्यांचं नक्की गळतं' अशी ही कबुली खुद्द सेटिंगच्याच डोक्यावर लिहिलेली. वेब सर्व्हरमधली गळती शोधण्याचं कसब पुढे हळूहळू येत गेलं. गळणाऱ्याला वेळेवर मारायची सोय मात्र आधीपासून होती.

मूळ दुखणं सी भाषेइतकंच जुनं आहे. सीमध्ये 'मॅलॉक' म्हणून मेमरी मागायची आणि काम झालं की 'फ्री' म्हणून परत करायची. परत करायला विसरलं तर प्रोसेस जिवंत असेपर्यंत ती अडकून पडते. दोन सेकंदांत संपणाऱ्या प्रोग्रॅमला याने काही फरक पडत नाही, कारण तो संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळंच काढून घेते. महिनोन्महिने चालणाऱ्या सर्व्हरमध्ये मात्र दर रिक्वेस्टला शंभर बाइट विसरले आणि दिवसाला दहा लाख रिक्वेस्ट आल्या, तर रोज जवळपास १०० एमबीला पाय फुटतात.

वेबच्या सुरुवातीच्या सर्व्हरना ही चिंता नव्हती. दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस जन्माला यायची, उत्तर द्यायची आणि संपायची. १९९३ मध्ये आलेल्या सीजीआय स्क्रिप्टचंही (सर्व्हर दर रिक्वेस्टला चालवायचा त्या छोट्या प्रोग्रॅमचंही) तसंच. मांडव गळका असला तरी लग्न उरकलं की तो उतरवायचाच असतो. पण दर वेळी नवी प्रोसेस उभी करणं महाग पडू लागलं. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए संस्थेत रॉब मॅककूल यांनी लिहिलेला सर्व्हर ते १९९४ च्या मध्यावर संस्था सोडून गेल्यावर पोरका झाला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यावर ठिगळं लावणाऱ्या आठ जणांनी अपाची गट काढला. त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची नवी रचना केली. तीत दोन गोष्टी होत्या. प्रोसेस आधीच तयार ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या, म्हणजे मांडवाचं आता घर झालं. आणि मेमरी 'पूल'मधून द्यायची.

पूलची युक्ती मला आजही सुंदर वाटते. रिक्वेस्ट आली की तिच्या नावाने एक पूल उघडायचा. हेडर वाचायला, पत्ता जुळवायला, उत्तर रचायला जी मेमरी लागेल ती त्यातूनच घ्यायची, आणि एकही तुकडा सुटा परत करायचा नाही. रिक्वेस्ट संपली की अख्खा पूल एका फटक्यात रिकामा. विसरायला जागाच नाही. पुढे इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये लिहायला घेतलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरनेही हीच वाट धरली.

पण पूलने गळतीची एक नवी जात जन्माला घातली. कनेक्शनचा पूल वेगळा, सर्व्हरचा वेगळा, आणि त्यांचं आयुष्य रिक्वेस्टपेक्षा कितीतरी मोठं. एखाद्या मॉड्यूलवाल्याने (सर्व्हरला जोडायचा भाग लिहिणाऱ्याने) दर रिक्वेस्टला लागणारी मेमरी चुकून सर्व्हरच्या पूलमधून घेतली, तर ती प्रोसेस मरेपर्यंत सुटत नाही. गंमत म्हणजे शोधणाऱ्या हत्यारांना ही गळती वाटतच नाही.

ती हत्यारं म्हणजे आधी प्युरिफाय. पुढे नेटफ्लिक्समुळे नाव झालेल्या रीड हेस्टिंग्ज यांनी १९९१ मध्ये काढलेल्या प्युअर सॉफ्टवेअर कंपनीचं हे विकत मिळणारं साधन. मग २००२ मध्ये ज्युलियन सीवर्ड यांचं फुकट आणि मुक्त व्हॅलग्राइंड आलं. ज्या तुकड्याकडे प्रोग्रॅममधून कुणाचंच बोट उरलेलं नाही तो हरवला, असा दोघांचा ढोबळ हिशेब. पूलमध्ये पडलेल्या तुकड्याकडे बोट असतंच, म्हणून व्हॅलग्राइंड त्याला 'अजून हाताशी आहे' म्हणून सोडून देतं. यासाठी अपाचीच्या एपीआर लायब्ररीत पूल-डीबगची सोय ठेवावी लागली. ती चालू केली की पूलमधला प्रत्येक तुकडा स्वतंत्र 'मॅलॉक' होतो आणि दिसू लागतो. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम वीस-तीस पट मंदावतो तो वेगळाच, म्हणून चालत्या सर्व्हरवर ते कुणी लावत नाही.

आणि दिसलं तरी काय दिसतं? मेमरी कुठे मागितली ती ओळ. द्यायची कुठे राहिली ती ओळ कोडमध्ये नसतेच, तीच तर विसरलेली असते. कौलारू घरात थेंब पडतो माजघरात आणि फुटलेलं कौल असतं पार वळचणीकडे. मधलं अंतर पाणी वाशावरून ओघळत आलेलं असतं. तो वासा धरून मागे जाणं हेच खरं काम.

फुटलेलं कौल बहुधा वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात निघतं. अपाची २.० मधली मार्च २००४ ची गळती पाहा. सुरक्षित पोर्टवर कुणी साधी एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवली, तर 'तुम्ही एसएसएलच्या (म्हणजे सांकेतिक, सुरक्षित संवादाच्या) पोर्टशी साध्या एचटीटीपीत बोलताय' असं सर्व्हर सुनावायचा. सुनावून झाल्यावर एसएसएल मॉड्यूल त्या रिक्वेस्टची थोडी मेमरी सोडायला विसरायचं. नीट वागणारा ब्राउझर त्या वाटेने जातच नाही, म्हणून चाचण्यांत काही दिसलं नाही. पण मुद्दाम हजारो वेळा तसं केलं की सर्व्हरची मेमरी संपवता यायची. सुरक्षेतली त्रुटी म्हणून तिची नोंद झाली आणि २.०.४९ मध्ये ती बुजवली गेली. ॲमेझॉनच्या क्लाउडवर २२ ऑक्टोबर २०१२ ला झालेल्या बिघाडाची जातही तीच. स्टोरेज सर्व्हरवरचा माहिती गोळा करणारा एक छोटा एजंट बंद पडलेल्या यंत्राशी बोलायचा प्रयत्न करत राहिला आणि त्या खटपटीत हळूहळू मेमरी खात गेला. ते सर्व्हर एरवीही सगळी मेमरी वापरतात, त्यामुळे वाढ कुणाच्या डोळ्यावर आली नाही.

(२०१४ च्या हार्टब्लीड या सुरक्षेतल्या त्रुटीला पुष्कळ जण मेमरी लीक म्हणतात. ती माहितीची गळती होती. तिथे मेमरी हरवत नव्हती, तिच्यात काय आहे ते परक्याला वाचता येत होतं.)

जावा, पीएचपी, जावास्क्रिप्टसारख्या भाषांत कचरा, म्हणजे वापरून झालेली मेमरी, आपोआप उचलला जातो, तेव्हा सुटलो असं वाटलं होतं. पीएचपीत एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या दोन वस्तू रिक्वेस्ट संपेपर्यंत उचलल्याच जात नसत. ते २००९ मध्ये ५.३ आवृत्तीत सुधारलं. जावा ॲप चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरवर काम केलेल्या कुणालाही 'पर्मजेन स्पेस' (जावाने क्लास ठेवायला राखलेली मर्यादित जागा) हे शब्द नुसते ऐकवून बघा. ॲप चार-सहा वेळा पुन्हा डिप्लॉय केलं, म्हणजे जुनं काढून नवं चढवलं, की ती जागा भरून सर्व्हर आडवा. जुनं ॲप काढलेलं असायचं, पण त्यातली एकच वस्तू एखाद्या थ्रेडला चिकटून राहायची. त्या वस्तूमागे तिचा क्लास, क्लासमागे तो मेमरीत आणणारा क्लासलोडर आणि त्यामागे ॲपचे झाडून सगळे क्लास. २०१० च्या सुरुवातीला टॉमकॅट ६.०.२४ अशा चिकट्या ओळखून लॉगमध्ये नावं घेऊ लागलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की दोष बऱ्याचदा आपल्याच ॲपचा किंवा त्यात टाकलेल्या लायब्ररीचा असतो.

उलटही घडतं. वॉलमार्टच्या एरन हॅमर यांनी २०१३ मध्ये नोडवरच्या (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) सर्व्हरची गळती कित्येक महिने आपल्या कोडमध्ये शोधली. शेवटी ती नोडच्याच पोटात निघाली. टी. जे. फाँटेन यांनी केलेली मोजक्या ओळींची दुरुस्ती नोव्हेंबरमध्ये ०.१०.२२ आवृत्तीत आली.

आणि कधीकधी गळती नसतेच. प्रोग्रॅमने 'फ्री' केलेली मेमरी लिनक्सची सी लायब्ररी लगेच सिस्टिमला परत देईल असं नाही, आणि थ्रेड बरेच असतील तर ती त्यांच्यासाठी वेगवेगळे साठे करून ठेवते. मेमरीचा आलेख चढतो आणि मग सपाट होतो. तो सपाट होण्याआधीच घाबरून आम्ही एकदा आठवडा घालवला होता.

मारायची सोय मात्र कुठेच गेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरने ६.० पासून वर्कर प्रोसेस दर १७४० मिनिटांनी बदलायचा शिरस्ता ठेवला. म्हणजे २९ तास, त्यामुळे दर खेपेला वेळ पाच तासांनी पुढे सरकते. अपाचीने २.४ मध्ये त्या जुन्या सेटिंगचं नाव बदललं आणि न सांगता असलेली मर्यादा शून्यावर आणली, म्हणजे कुणी सांगेपर्यंत मारू नका. पायथॉनवाल्यांच्या गुनिकॉर्न सर्व्हरमध्ये हीच सेटिंग आहे, आणि तिच्या दस्तऐवजात मेमरी लीकचं नुकसान आवरण्याचा साधा उपाय म्हणूनच तिची ओळख करून दिली आहे. जोडीला 'जिटर' नावाचा एक आकडा देता येतो. तो दिला की प्रत्येक वर्करच्या मर्यादेत थोडी यदृच्छ भर पडते, नाहीतर सगळे वर्कर एकाच क्षणी मरतील आणि दारात रिक्वेस्टची रांग लागेल.