लक्सेंबर्गमधील रोजगार व बेकारी

पश्चिम युरोपातील लक्सेंबर्ग या 2,586 चौ. किमी. क्षेत्रफळाच्या देशात रोजगार वाढला म्हणजे बेकारी घटलीच पाहिजे, असा नियम लागू पडत नाही. 1980 नंतरच्या काळात दोन्ही अनेकदा बरोबरच वाढलेली आढळतात. याचे एक कारण असे, की येथील पगारदारांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे 2024 च्या सुमारास सव्वादोन लाखांहून अधिक लोक, फ्रान्स, बेल्जियम व जर्मनीत राहून कामापुरते सीमा ओलांडून येतात. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या फ्रान्समधील आहेत.

बेकारीचा आरंभ केव्हापासून मानावा, याबद्दल दोन मते दिसतात. प्रचलित मताप्रमाणे 1974 नंतरचे पोलाद संकट हाच आरंभ होय. तोवर नोंदलेली बेकारी नगण्य होती. दुसऱ्या मतानुसार 1930 च्या मंदीतही बेकारी होतीच, परंतु खाणी व पोलाद कारखान्यांतील परदेशी कामगार कमी केले गेल्याने व त्यांतील अनेक जण मायदेशी परतल्याने ती आकड्यांत उमटली नाही. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बेकारी सीमेपलीकडे जाण्याचा हा प्रकार पुढेही निराळ्या रूपात दिसतो. 1970 च्या दशकातील उपाययोजना मात्र निश्चितपणे नव्या होत्या. 1976 मध्ये रोजगार प्रशासन व बेकारी निधी यांचे कायदे झाले. 1911 मध्ये स्थापन झालेल्या आर्बेड या पोलाद कंपनीतील जादा कामगारांना काढून न टाकता ‘संकटविरोधी विभागा’त वर्ग करून सार्वजनिक कामांवर लावण्यात आले. सरकार, मालक व कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीला 1977 च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले. बेलवाल येथील, लोखंड गाळण्याची अखेरची झोतभट्टी 1997 मध्ये विझली. त्याच आवारात आज विद्यापीठ आहे.

बेकारीचे मोजमाप दोन प्रकारे होते व दोन्ही आकडे क्वचितच जुळतात. अदेम या रोजगार संस्थेचा आकडा नोंदणीवर आधारलेला असून त्यात देशात राहणारे, कामास उपलब्ध असलेले आणि कोणत्याही सरकारी रोजगार उपक्रमात सामील नसलेले अर्जदारच धरले जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येवरील आकडा कुटुंब सर्वेक्षणातून मिळतो. पाहणीच्या आठवड्यात काम नसणे, मागील चार आठवड्यांत ते शोधलेले असणे आणि दोन आठवड्यांत रुजू होता येणे, अशा त्याच्या अटी आहेत. हे सर्वेक्षणही रहिवाशांपुरतेच असते. समजा, लक्सेंबर्ग शहराच्या किर्शबेर्ग भागातील बँकेत काम करणाऱ्या व फ्रान्समधील त्याँव्हिल येथे राहणाऱ्या व्यक्तीची नोकरी गेली, तर लक्सेंबर्गच्या रोजगारातून एक आकडा कमी होतो, पण बेकारीत भर पडते ती फ्रान्सच्या. भत्त्याचेही तसेच आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार पूर्ण बेकाराला भत्ता निवासाचा देश देतो, तर अंशतः बेकाराला, म्हणजे नोकरी टिकून कामाचे तास घटलेल्याला, कामाचा देश देतो. लक्सेंबर्गमध्ये भत्ता आधीच्या वेतनाच्या 80 टक्के, अवलंबून मूल असल्यास 85 टक्के असतो व त्याला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे बेकारीच्या टक्केवारीवरून येथील श्रमबाजाराची प्रकृती ओळखताना सावधगिरी आवश्यक ठरते.

अदेमनुसार 2014 मध्ये बेकारीचे प्रमाण सुमारे 7 टक्क्यांवर गेले होते, 2022 मध्ये ते पावणेपाचच्या आसपास उतरले आणि नंतर पुन्हा चढले. तरुणांमधील प्रमाण याहून पुष्कळ जास्त असते. नव्या नोकऱ्या मुख्यतः वित्तसेवा, व्यवसायसेवा, आरोग्य व प्रशासन या क्षेत्रांत निर्माण झाल्या. बांधकामात पोर्तुगालशी 1970 मध्ये झालेल्या कामगारविषयक करारानंतर आलेल्या पोर्तुगीजांचा वाटा मोठा आहे, तर सरकारी नोकरीत भाषेच्या अटींमुळे देशाचे नागरिकच अधिक दिसतात.

घरून काम करण्याच्या प्रथेमुळे अलीकडे करविषयक प्रश्न निर्माण झाले. सीमापार कामगाराने वर्षात 34 दिवसांपर्यंत लक्सेंबर्गबाहेरून काम केले तरी त्या वेतनावर लक्सेंबर्गच कर आकारतो. 2024 पासून ही मर्यादा तिन्ही शेजारी देशांना समान आहे.